डेअरीपाशी डावीकडे

मोहिते काकांना पत्ता विचारू नये. माणूस देवासारखा आहे, पण पत्ता विचारू नये.

मी विचारला. वॉटफर्डला आलो तो आमचा पहिलाच शनिवार. घराची किल्ली शेजारच्या मिस्टर मोहित्यांकडे ठेवलीय, एवढं सांगून घरमालकानं हात झटकले होते. मी, माझा नवरा मिलिंद, चार बॅगा, आणि नागपूरहून आईनं ‘तिकडे मिळत नाही’ म्हणून दिलेला लोखंडी तवा, असा लवाजमा स्टेशनवर उभा होता. मी फोन लावला. पलीकडून मराठी ऐकू आलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

"अगदी सोपं आहे," आवाज म्हणाला. "हाय स्ट्रीटनं सरळ ये. डेअरीपाशी डावीकडे वळ. बुटांच्या दुकानावरून पुढं आलीस की खेळण्यांचं दुकान लागेल. त्याच्या समोरची गल्ली आपली."

आम्ही चाळीस मिनिटं डेअरी शोधली. मिलिंदनं तव्याच्या बॅगेसाठी तीनदा खांदा बदलला आणि चौथ्यांदा ती बॅग माझ्या हातात दिली. शेवटी बसस्टॉपवरच्या एका म्हातारीला विचारलं. "डेअरी?" ती हसायलाच लागली. "अगं बाळा, ती बंद होऊन वीस वर्षं तरी झाली असतील!" डेअरीच्या जागी मोबाइलचं दुकान होतं. बुटांच्या दुकानात कबाब फिरत होते. आणि खेळण्यांच्या दुकानात गोऱ्या बायका पैसे देऊन विजेच्या उन्हात काळ्या होत होत्या. हे शेवटचं आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा बराच वेळ विश्वास बसेना.

काका दारातच उभे होते. साडेपाच फूट उंची, लाल लोकरी कार्डिगन, कानावर पेन्सिल आणि गळ्यात सुतळीनं बांधलेलं भिंग.

"उशीर झाला?"

"काका, तिथं डेअरी नाहीये."

"आता नाहीये. पण होती ना? मग तिथंच वळायचं."

‘आता नाही, पण होती ना’ हे काकांचं पालुपद. आणि दुसरं, ‘पुरावा काय?’ या दोन वाक्यांवर त्यांचा सगळा संसार चालतो, असं शैलाकाकू म्हणतात. शैलाकाकू म्हणजे त्यांची बायको. त्या पुढं असंही म्हणतात, की "ह्यांना शंभर वर्षांपूर्वी कोपऱ्यावर कोण खाटीक होता ते विचारा, त्याच्या बायकोच्या नावासकट सांगतील. पोटच्या पोराला, संजूला, चष्मा कितवीत लागला ते विचारा, की बसले तोंडाकडे बघत."

काका मूळचे कोल्हापूरचे. तिथल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. इथंही येऊन त्यांनी तेच केलं. तेव्हा वॉटफर्डमध्ये मोठमोठे छापखाने होते, त्यातल्या एकात काकांनी पस्तीस वर्षं काढली, त्यातली निम्मीअधिक रात्रपाळीत. आयुष्यभर उलटी अक्षरं वाचल्यामुळं असेल, त्यांना आजही समोर दिसतं त्यापेक्षा त्याच्या पाठीमागचं आधी दिसतं. रिटायर झाल्यावर लायब्ररीत एक नोटीस दिसली: गावाचं इतिहास मंडळ, महिन्याचा दुसरा मंगळवार, चर्चचा हॉल, सर्वांचे स्वागत. काका गेले. काकूंच्या मते बिस्किटांसाठी गेले. पण परत आले ते इतिहासकार होऊनच.

तेव्हापासून गल्लीत कुणीही घराचं काम काढलं की काका हजर. इथं घर फोडलं की राडारोडा टाकायला दारात मोठा लोखंडी डबा आणून ठेवतात, त्याला स्किप म्हणतात. त्या स्किपमध्ये अर्धे वाकलेले काका, आणि रस्त्यावरून दिसणारा त्यांचा फक्त लाल पाठीचा भाग, हे आमच्या गल्लीतलं नेहमीचं दृश्य होतं. बाटल्या, फरश्या, जुन्या दारांच्या मुठी असं सगळं ते घरी आणायचे, आणि काकू सगळं मागच्या शेडमध्ये टाकायच्या. आमच्या घराच्या बैठकीला घरमालकानं रंगकाम काढलं, तेव्हा काका किटली घेऊन आले. मला वाटलं, कामगारांना चहा. तर ते किटलीची वाफ भिंतीवर धरून जुना वॉलपेपर सोलायला बसले! एकाखाली एक असे सात थर निघाले. पेंटरचा अख्खा दिवस गेला. चौथ्या थरावर निळी जहाजं होती. काकांनी भिंग लावलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अनघा, इथं एक मूल झोपायचं."

मी तेव्हा फक्त ‘हो का’ म्हणाले. मला रंगाची काळजी होती.

त्यांच्या घरात मात्र उलटा कायदा. एक वस्तू जागची हलवायची नाही. समोरच्या खोलीतल्या फायरप्लेसवर एक लाकडी घड्याळ आहे, ते पोरगा जन्मायच्या आधीपासून तिथंच आहे, आणि काकूंना ते मुळीच आवडत नाही. "हलवू का?" असं त्या दर दिवाळीला विचारतात. "ते तिथं असल्याची नोंद आहे," असं काका दर दिवाळीला सांगतात.

मिलिंदनं हौसेनं सॅट-नॅव घेतला, तेव्हा काका मुद्दाम गाडीत बसायला आले. यंत्रातली बाई म्हणाली, पुढच्या चौकात उजवीकडे वळा. काका तिला म्हणाले, "बाई, पुढच्या चौकात काय होतं ते तरी माहीत आहे का तुम्हाला?" बाई गप्प. काकांनी विजयी मुद्रेनं मागं माझ्याकडे पाहिलं.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला एकदा कुणाच्या तरी डोक्यात आलं, की बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी काकांचा हेरिटेज वॉक ठेवावा. स्टॅनमोरहून दोन गाड्या भरून माणसं आली. बायका पैठण्या सावरत, पुरुष कॅमेरे सरसावून. त्यांना वाटलं, किल्ला वगैरे असेल. काकांनी सगळ्यांना एका भिंतीसमोर उभं केलं आणि पस्तीस मिनिटं त्या भिंतीवर बोलले. विटांची रचना, चुन्याचा रंग, मधे बुजवलेली खिडकी. शेवटी एक गृहस्थ धीर करून म्हणाले, "काका, पण इथं नेमकं काय आहे?"

"काही नाही!" काका आनंदानं म्हणाले. "तेच तर सांगतोय!"

त्यानंतर हेरिटेज वॉक झाला नाही. मोदक मात्र सगळ्यांनी पोटभर खाल्ले.

इतिहास मंडळात काका सोडले तर सगळे गोरे, आणि काकांना धरून सगळे म्हातारे. मंडळाच्या सेक्रेटरी मिसेस हॉबडे. वय ऐंशीच्या पुढं, हातात काठी, कानात यंत्र, आणि आवाज हेडमास्तरणीचा. काका त्यांना हॉबडेबाई म्हणतात, त्यांच्या तोंडावरसुद्धा. त्यांना ते आवडतं. त्यांना वाटतं, ही काहीतरी पदवी आहे. या दोघांचं दोन वर्षं एका घोड्याच्या हौदावरून भांडण चालू होतं. पूर्वी घोड्यांना पाणी प्यायला रस्त्यात दगडी हौद असायचा. तो हौद चॅपलपाशी होता असं बाईंचं म्हणणं, आणि पबपाशी होता असं काकांचं. काकांकडं जुना नकाशा होता. बाईंकडं फक्त आठवण.

"वसंत, आय वॉज बॉर्न हिअर," बाई काठी आपटून म्हणायच्या. "आय सॅट ऑन द थिंग!"

"जन्मलात खऱ्या," काका घरी आल्यावर मला मराठीत सांगायचे, "पण लक्ष कुठं दिलं?"

पुढं मंडळानं एक पुस्तक काढायचं ठरवलं. गावातल्या लोकांच्या लहानपणच्या आठवणी, प्रत्येकाला एक पान. प्रुफं तपासायचं काम अर्थातच काकांकडं. आता, पुस्तक म्हटलं की छापून यायला सगळेच पुढं येतात. एक रिटायर्ड पोस्टमास्तर होते, ते या गावात आले ते पंधराव्या वर्षी. त्यांनीही आठवण लिहून आणली. काकांना ते खपेना. पंधराव्या वर्षी कसलं आलंय लहानपण? त्यांनी कमिटीत ठराव मांडला: वयाच्या बाराव्या वर्षाआधी जो या गावात राहिला असेल, त्यानंच लिहावं. पुराव्यासह. ठराव पास झाला. पोस्टमास्तर रागावून बोलिंग क्लबात गेले.

घरी येऊन कोट काढताना काकांच्या लक्षात आलं, की ते स्वतः या गावात आले ते तिसाव्या वर्षी. ज्या गावाची वीट न् वीट त्यांना पाठ, त्या गावाच्या पुस्तकात त्यांनीच स्वतःच्या नावावर काट मारली होती.

"आता नियम म्हणजे नियम," काका मला म्हणाले. "पण आपल्या घरचं पान येणार. संजू आहे की. इथंच जन्मला, इथंच शिकला. मी सांगितलंय कमिटीला, माझा मुलगा लिहील."

संजू, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा संजय, न्यूझीलंडला असतो. इंजिनीअर आहे, बायको तिकडचीच, एक मुलगी आहे. दर रविवारी सकाळी बरोबर नऊ वाजता काकांच्या घरात फोन वाजतो, तेव्हा तिकडं रात्र असते. फोन हॉलमध्ये, जिन्याच्या पायथ्याशी. काका उभ्यानंच बोलतात. मी कितीदा तरी ते बोलणं ऐकलंय. "हवा कशी आहे?" काका विचारतात. "हवा चांगला आहे, बाबा," संजू त्याच्या मराठीत सांगतो. "तिकडे?" "इकडं पाऊस." मग फोन काकूंकडं. काकू अर्धा तास बोलतात. काका तोवर बागेत जाऊन पावसात उभे राहतात.

त्या रविवारी काकांनी हवेनंतर हळूच पानाचं विचारलं. संजू म्हणाला, "मला काय आठवते बाबा, नथिंग मच. बघतो." पुढच्या रविवारी पुन्हा "बघतो." तिसऱ्या रविवारी काकांनी विचारलंच नाही. नुसतं हवेवर भागवलं.

पान काही आलं नाही. सप्टेंबर संपत आला. आणि काकांचं वागणं बदललं. पोस्टात, बँकेत, कुठंही ते म्हाताऱ्या माणसांना गाठून बोलू लागले. आधी मला वाटलं, हौदाचाच तपास असेल. मग कळलं, ते संजूबद्दल विचारत होते. शाळेपाशी मुलांना रस्ता ओलांडून देणारी एक बाई होती, ती आता वृद्धाश्रमात होती, तिला भेटून आले. संजूचे केस कापणारा इटालियन न्हावी शोधून काढला. त्यानं सांगितलं, की तुमचा मुलगा कधी रडला नाही, एवढंच आठवतं. काकांनी तेही वहीत टिपून घेतलं, तारखेसह.

एका शनिवारी ते ती वही घेऊन माझ्याकडं आले. त्यांच्याकडं कॉम्प्युटर नाही, म्हणून मंडळाचं टायपिंग मी करून द्यायची. संजूचा ईमेलही काकूंनी माझ्याकडंच देऊन ठेवला होता, नातीचे फोटो मागवायला.

"लिहून घे," काका म्हणाले. "आय, संजय मोहिते..."

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"काका, हे संजूनं पाठवलं?"

"तो बिझी असतो. त्याला काय म्हणायचंय ते मला माहीत आहे. लिही तू."

मी लिहीत गेले. ‘मी सात वर्षांचा असताना शाळेत जाताना आमच्या गल्लीतील घरांच्या विटांची रचना फ्लेमिश पद्धतीची आहे, हे माझ्या नेहमी ध्यानात येत असे. कोपऱ्यावरील पाणपोईच्या लोखंडी कामाचे मला विशेष कुतूहल होते.’ असं पानभर. मला हसू आवरेना.

"काका, सात वर्षांचं पोर असं बोलत नाही हो!"

मला वाटलं, ते चिडतील. पुरावा मागतील. त्यांनी वही मिटली आणि अगदी साधेपणानं विचारलं,

"मग कसं बोलतं?"

 त्यांना खरंच माहीत नव्हतं. काका सकाळी कामावरून येऊन दिवसभर झोपत होते, संध्याकाळी जेवून परत जात होते. पोरगं मधल्यामधे मोठं झालं. काकांनी कागद माझ्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या आणि कार्डिगनच्या खिशात टाकला. "नकोच," म्हणाले. "याला पुरावा नाही." आणि सोमवारी हॉबडेबाईंना जाऊन सांगून आले, की मोहित्यांच्या घरचं पान येणार नाही. बाईंनी मला नंतर फोन केला. "मी ते पान रिकामं ठेवलंय, डिअर," त्या म्हणाल्या. "प्रिंटरला सांगितलंय, वाट बघ म्हणून. शुक्रवारपर्यंत. वसंतला सांगू नकोस, तो नियम काढेल."

आता नागपूरच्या माणसाला गप्प बसा म्हटलं तर जमतं का? मी त्याच दिवशी संजूला दोन ओळी पाठवल्या. आपली ओळख नाही, मी शेजारी राहते. तुझ्या वडिलांनी मला विचारलं, सात वर्षांचं मूल कसं बोलतं. मला सांगता आलं नाही, तुला येईल का?

आणि पाठवल्यावर मला घाम फुटला. कोण मी, कोणाची, आणि हे नसते उद्योग कुणी सांगितले होते? मिलिंद म्हणाला, "आता किल्ली दुसऱ्या शेजाऱ्यांकडे ठेवावी लागणार." मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी मला सर्दी झाली म्हणून घरी होते, आणि सकाळी उत्तर आलं.

मी ते छापून घेऊन तशीच चपला घालून शेजारी गेले. काका हॉलमध्ये बूट पुसत होते. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "संजूचं पान आलंय," मी म्हटलं, आणि तिथंच उभ्या उभ्या वाचलं. इंग्लिशमध्ये होतं, इथं मराठीत सांगते.

‘मी लहान असताना आमच्या घरात दिवसा रात्र असायची. बाबा वर झोपलेले असायचे, आई कामाला. मी साडेतीनला शाळेतून यायचो. गळ्यातल्या किल्लीनं दार उघडायचो, बूट हातात घ्यायचो आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायचो. तिथून घड्याळ दिसायचं. शाळेत शिकवायच्या आधीच मला घड्याळातली वेळ सांगता येत होती. चार वाजले की वरून बाबांचा खोकला ऐकू यायचा. मग मी हळूच बाहेर जायचो आणि दार धाडकन आपटून परत आत यायचो, म्हणजे बाबांना वाटेल, मी आत्ताच आलोय. मग बाबा मला फिरायला न्यायचे. आम्ही डेअरीपर्यंत जायचो. तिथं मला एक ग्लास दूध मिळायचं. परत येताना डेअरीपाशी डावीकडे वळायचो. मग बुटांचं दुकान, तिथं पायाचं माप घ्यायचं यंत्र होतं. मग खेळण्यांच्या दुकानाची काच. मग घर. सगळं मिळून अर्धा तास. वॉटफर्डमध्ये आणखी पुष्कळ काही असेल, बाबांना विचारा, त्यांना माहीत आहे. माझं गाव एवढंच होतं.’

मला सर्दी होती ते बरं झालं. नाक पुसायला निमित्त लागलं नाही. दोन वर्षं मी त्या डेअरीवरून काकांची टिंगल करत होते. शंभर वर्षांपूर्वीचा खाटीक पाठ असलेला हा माणूस पत्ता सांगताना मात्र कधी खाटकापाशी वळवत नाही, चॅपलपाशी नाही, हौदापाशी नाही. तीन दुकानं, तीही वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची, आणि त्याच क्रमानं. लोकांना ते संजूला घरी आणायच्या वाटेनंच आणत होते. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

काका बुटाला ब्रश मारत राहिले, एकाच जागी. मग मान वर करून म्हणाले, "तिसरी नव्हे."

"अहो!" काकू म्हणाल्या.

"तिसरीवरून घड्याळ दिसत नाही. मला माझं घर माहीत नाही का? चौथी असेल. पाचवी असेल. छापायचं तर बरोबर छापायला पाहिजे." आणि ते जिन्याकडं गेले, कठड्याला धरून तिसऱ्या पायरीवर बसले. समोरच्या खोलीचं दार उघडंच होतं. "बघ. कठड्याची ही जाड पट्टी बरोब्बर डोळ्यांपुढं येते. पुरावा!"

"काका," मी म्हटलं, "तो सात वर्षांचा होता."

ते थांबले. मग कण्हत, एक हात पायरीवर टेकून, खाली सरकू लागले. बहात्तर वर्षांची कंबर, गुडघे कडकड वाजले. पाय पार हॉलच्या गालिच्यापर्यंत गेले, हनुवटी छातीवर आली. कठड्याची पट्टी डोक्याच्या वर गेली, आणि गाल खालच्या उभ्या दांड्यांना लागला. दोन दांड्यांच्या मधून ते बघत राहिले. काकूंनी कधी न आवडलेलं ते लाकडी घड्याळ फायरप्लेसवर टिकटिकत होतं.

"दिसतंय," काका म्हणाले.

 ते तसेच वाकडे पडून होते.

"मला वाटायचं, घरात कोणी नाही," ते म्हणाले. "चार वाजता जाग यायची ना, इतकं शांत असायचं, शैला. मी पडून दार वाजायची वाट बघायचो. म्हणायचो, पोरगं अजून आलं कसं नाही. मग धाडकन दार वाजायचं, की मी उठायचो."

काकू त्यांच्या खालच्या पायरीवर बसल्या. मी कागद फोनपाशी ठेवला आणि घरी आले.

संजूचं पान पुस्तकात गेलं, तिसऱ्या पायरीसकट. आणि त्याच शनिवारी दुपारी मला हॉबडेबाईंचा फोन आला. आवाज घाबरलेला.

"अनघा डिअर, वसंत फुटपाथवर गुडघ्यांवर बसलाय. पबसमोर. आत्ता चॅपलसमोर बसून आला. लोक थांबून विचारतायत, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावू का. इज इट अ फेस्टिव्हल?"

मी पळत गेले, तोवर काका उठले होते. पँटचे गुडघे मातीनं माखलेले. त्यांनी बाईंना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "हॉबडेबाई, द ट्रफ. तो हौद तुम्ही म्हणता तिथं. चॅपल." बाईंनी कानातलं यंत्र काढून, फुंकून परत घातलं. पुन्हा सांगायला लावलं. मग त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्याला डॉक्टरकडं ने."

"मी तुमच्या लहानपणच्या उंचीवरून कधी बघितलंच नव्हतं," एवढंच काका त्यांना म्हणाले.

पुस्तक निघालं. प्रकाशनाला चर्चच्या हॉलमध्ये चाळीस माणसं आणि दोन केक होते. रागावलेले पोस्टमास्तरसुद्धा आले. काकांनी सगळ्यांना सगळी पानं दाखवली, घरचं पान सोडून. ते पान त्यांच्या प्रतीत आपोआपच उघडायचं.

पुढच्या आठवड्यात काकूंचा डबा परत द्यायला मी सकाळी ऑफिसला जाता जाता त्यांच्याकडं गेले. बुधवार होता. काकूंनी दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. काका जिन्यावर बसले होते, फोनची वायर ताणून. मी सवयीनं पायऱ्या मोजल्या. तिसरी.

"...बूट हातात घेऊन? आणि भूक नाही लागायची?... हां. हां. रडायचा नाहीस, ते इटालियन न्हाव्यानं सांगितलं मला... बरं, एक विचारतो. डेअरीतलं ते दूध. तुला आवडायचं ना रे?"

पलीकडून काहीतरी बोलणं झालं.

"आवडायचं नाही? अजिबात?" काका ताठ बसले. "अरे, मग रोज का प्यायचास?"

पुन्हा पलीकडचं बोलणं. या वेळी जरा लांब. काकांनी कानावरची पेन्सिल काढली, पण जवळ कागद नव्हता. ती तशीच त्यांच्या बोटांत राहिली.

"हळूहळू प्यायचास," काका म्हणाले. "मी तोवर थांबायचो म्हणून."